खड्ड्यात गाडी आपटली तर: तक्रार कुठे, पुरावा कसा, भरपाई कुणाकडून

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांबाबत मोठा निकाल दिला. खड्डा किंवा उघडं मॅनहोल यांमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये, जखमी झाल्यास इजेच्या प्रमाणात ५० हजार ते अडीच लाख रुपये. बातमी घरोघरी पोचली, पण तिच्याबरोबर एक गैरसमजही पसरला: रिम वाकली, टायर फाटला तरी महापालिका पैसे देते. तसं नाही. त्या निकालातले आकडे माणसाच्या जिवासाठी आणि शरीरासाठी आहेत. गाडीच्या दुरुस्तीसाठी त्यात दर ठरवलेला नाही.

म्हणजे गाडीचं नुकसान मागता येत नाही, असंही नाही. मागता येतं, पण वाट वेगळी आहे आणि तिथे सगळं कागदावर उभं राहतं. रस्ता कुणाच्या ताब्यात होता, तो खड्डा त्यांना माहीत होता का, आणि नुकसान त्याच खड्ड्यामुळे झालं का, या तीन प्रश्नांची उत्तरं तुम्हाला द्यायची आहेत. पहिल्या अर्ध्या तासात काय केलं, यावर बहुतेक दावे तरतात किंवा बुडतात. म्हणून सुरुवात रस्त्यावरूनच.

जागेवर काय करायचं

आधी माणसं बघा. कुणाला लागलं असेल तर ११२ वर फोन करा, बाकी सगळं नंतर. गाडी चालण्याजोगी असेल तर चारही इंडिकेटर लावून ती कडेला घ्या. फोटोसाठी वाहत्या रस्त्यात उभं राहू नका. द्रुतगती मार्गावर तर गाडीतून उतरून मागे चालत जाणंही जीवघेणं ठरतं. फूटपाथवरून, पुलावरून किंवा गाडीतला दुसरा माणूस सुरक्षित जागी उभा करून फोटो घ्या. डॅशकॅम असेल तर त्याची फाइल लगेच जपून ठेवा, कारण ठरावीक वेळाने त्यावर नवीन चित्रण चढतं.

फोटो घ्यायचे ते या क्रमाने. पहिला लांबून: खड्डा आणि मागे ओळखू येईल असं काहीतरी, म्हणजे दुकानाची पाटी, बसथांबा, पुलाचा खांब, विजेच्या खांबावरचा क्रमांक. दुसरा जवळून, मापासह. मोजपट्टी नसली तर एक लिटरची पाण्याची बाटली खड्ड्यात उभी ठेवा. कुणालाही खोलीचा अंदाज येतो आणि पुढे घरी बाटली मोजून आकडा लिहिता येतो. पाणी भरलं असेल तर काठी उभी बुडवा, ओल्या खुणेचा फोटो घ्या. तिसरा फोटो गाडी आणि खड्डा एकाच चौकटीत. चौथा तुटलेल्या भागाचा, नंबरप्लेट दिसेल असा. पाचवा मीटरवरच्या किलोमीटरच्या आकड्याचा. गॅरेजच्या बिलावर तोच आकडा जवळपास आला की मधल्या काळात गाडी इतरत्र आपटली नाही हे आपोआप दिसतं. आणि खड्ड्याभोवती बॅरिकेड, फलक, लाल दिवा, रिफ्लेक्टर यांपैकी काहीच नव्हतं हे दाखवणारा एक छोटा व्हिडिओ.

मूळ फाइल फोनमध्ये तशीच राहू द्या. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि त्यात दडलेली वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. प्रकरण न्यायालयात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्यासाठी मूळ फाइलच हवी.

शेजारच्या दुकानदाराला किंवा वॉचमनला विचारा, खड्डा किती दिवसांपासून आहे. नाव-नंबर द्यायला तयार असेल तर घ्या. समोर सीसीटीव्ही असेल तर त्याच दिवशी विनंती करा, चार दिवसांनी गेलात तर चित्रण पुसलं गेलेलं असण्याची शक्यता मोठी.

रस्ता नक्की कुणाचा

नवख्या माणसाची पहिली चूक इथेच होते. शहरातला रस्ता म्हणजे महापालिकेचा, असं धरून तक्रार जाते आणि दोन महिन्यांनी उत्तर येतं, ‘सदर रस्ता आमच्या अखत्यारीत येत नाही’. तोवर दाव्याच्या मुदतीतले दोन महिने गेलेले असतात.

गावाबाहेर किलोमीटरच्या दगडाचा माथा बघा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्हा वा शहराचा रस्ता, केशरी असेल तर ग्रामीण रस्ता. महाराष्ट्रात राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सर्वसाधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर ठेकेदाराचं नाव आणि देखभालीची मुदत लिहिलेला फलक असतो. या योजनेत बांधकामानंतर पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराकडे असते. फलकाचा फोटो म्हणजे अर्धं काम झालं.

पण दगडाचा रंग पुरेसा नसतो. मुंबई-गोवा महामार्गच घ्या. पनवेल ते इंदापूर हा पट्टा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, आणि इंदापूरपासून पुढे झारापपर्यंत राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. रस्ता एक, मालक दोन. मुंबईतले पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग आधी एमएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाकडे होते, २०२२ मध्ये ते मुंबई महापालिकेकडे आले. जुनी माहिती वाचून आजही काहीजण चुकीच्या दारात जातात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग एमएसआरडीसी या राज्य रस्ते विकास महामंडळाचा. औद्योगिक वसाहतीतले रस्ते बहुधा एमआयडीसीचे, छावणी भागातले कॅन्टोन्मेंट बोर्डाचे. मेट्रोचं काम चालू असेल तिथे पत्र्यांच्या आतला आणि लगतचा पट्टा काम करणाऱ्या यंत्रणेच्या देखभालीत दिलेला असू शकतो. गॅस किंवा केबलसाठी खणलेला चर नीट बुजवलेला नसेल तर पत्र्यावरचं किंवा फलकावरचं कंपनीचं नाव टिपून घ्या.

शंका असेल तर एका यंत्रणेवर डाव लावू नका. शक्य त्या दोघा-तिघांना एकच अर्ज द्या आणि त्यात लिहा: ‘सदर रस्ता आपल्या अखत्यारीत नसल्यास अर्ज संबंधित प्राधिकरणाकडे वर्ग करून मला तसे कळवावे.’

तक्रार: जिथे क्रमांक मिळेल तिथे

फेसबुकवर फोटो टाकून किंवा नगरसेवकाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून रस्ता दुरुस्त झालाच तर आनंद आहे, पण दाव्यासाठी त्याचा उपयोग कमी. तक्रार क्रमांक, तारीख आणि वेळ मिळते अशीच जागा निवडा.

मुंबईत १९१६ हा दूरध्वनी क्रमांक आणि पालिकेचं ‘पॉटहोल क्विकफिक्स’ ॲप. पुण्यात ‘पीएमसी केअर’. इतर महापालिकांची स्वतःची ॲप आणि नागरी सुविधा केंद्रं आहेत. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या रस्त्यांसाठी ‘पीसीआरएस’ ॲप, राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ क्रमांक आणि ‘राजमार्गयात्रा’ ॲप, ग्रामसडक योजनेसाठी ‘मेरी सडक’. ॲप चालतच नसेल तर राज्य सरकारचं ‘आपले सरकार’ तक्रार संकेतस्थळ. लेखी अर्ज द्यायचा तर दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मजकूर असा नेमका हवा:

‘घोडबंदर रस्ता, ठाण्याकडे जाणारी बाजू, अमुक पेट्रोल पंपासमोर, डावीकडून दुसरी लेन, खांब क्र. अमुक. खड्डा अंदाजे ३ फूट लांब, २ फूट रुंद, ५ इंच खोल. रात्री दिसत नाही. दुचाकी घसरण्याचा धोका.’

‘आमच्या भागात खूप खड्डे आहेत’ अशी तक्रार नोंदवू नका. कनिष्ठ अभियंता येऊन एक खड्डा भरतो आणि तक्रार निकाली निघते. एका खड्ड्याला एक तक्रार. पाच खड्डे असतील तर पाच तक्रारी, कंटाळा आला तरी.

उच्च न्यायालयाच्या निकालानुसार खड्डा नजरेस आणून दिल्यावर ४८ तासांत त्याचं काम व्हायला हवं. न झाल्यास तो घोर निष्काळजीपणा मानून संबंधितांवर विभागीय कारवाई करायची आहे. म्हणून तक्रारीनंतर ४८ तासांनी त्याच जागेवरून, त्याच कोनातून पुन्हा फोटो घ्या. तक्रार ‘निकाली’ दाखवून खड्डा तसाच असेल तर नवीन तक्रारीत जुना क्रमांक लिहा आणि दोन्ही फोटो जोडा.

भरलेला खड्डाही नीट बघा. चांगल्या दुरुस्तीत कडा चौकोनी कापतात, आतला सैल माल आणि पाणी काढतात, डांबराचा हात देतात, मग थराथराने माल भरून दाबतात. भरलेला भाग रस्त्याच्या पातळीत असतो. माती-खडीचा ढीग टाकून वरून गाड्यांनीच तो दाबावा अशी व्यवस्था असेल तर पुढच्या सरीत खडी बाहेर येते आणि ती दुचाकीला खड्ड्याहूनही घातक. डांबरी रस्त्यात पेव्हर ब्लॉक बसवले तर काही दिवसांत ते खचतात आणि कड उभी राहते. हे दिसलं की तक्रार पुन्हा उघडा. भर पावसात नेहमीचं गरम डांबर ओल्या पृष्ठभागाला धरत नाही, म्हणून पावसाळ्यात कोल्ड मिक्स, मास्टिक किंवा लवकर घट्ट होणारं साहित्य वापरतात. ‘पाऊस थांबल्यावर करू’ हे उत्तर त्यामुळे पूर्ण नाही.

आपलं नुकसान झालेलं नसतानाही तक्रार करावी, हे आम्ही आग्रहाने सांगतो. भरपाईच्या दाव्यात सर्वांत अवघड गोष्ट असते ती यंत्रणेला खड्डा आधीपासून माहीत होता हे दाखवणं. तुम्ही सोमवारी नोंदवलेली तक्रार पुढच्या शुक्रवारी तिथे पडलेल्या अनोळखी माणसाचा सर्वांत भक्कम पुरावा असते.

गॅरेजमध्ये

गाडी चालते म्हणून चालवत राहू नका. जोराचा फटका बसल्यावर आधी खाली वाकून बघा: तेल गळतंय का, टायरच्या बाजूला फुगा आलाय का, रिमची कड वाकली आहे का. मग सरळ रस्त्यावर हळू चालवून बघा: स्टिअरिंग एका बाजूला ओढतंय का, ठराविक वेगाला थरथरतंय का. ओढत असेल तर टाय रॉड, लोअर आर्म किंवा अलाइनमेंट. थरथरत असेल तर रिम आउट. गुणगुणल्यासारखा आवाज असेल तर व्हील बेअरिंग. दुचाकीत पुढचा फोर्क, रिम आणि कोन सेट तपासून घ्या; हँडल मधोमध अडखळतंय असं वाटलं तर कोन सेट गेला समजा.

सर्वांत महाग चूक इंजिनच्या तळाची. ऑइल चेंबरला खड्ड्याची कड लागली, तेल गळलं आणि गाडी तशीच घरापर्यंत नेली तर इंजिन जाम होतं. चेंबरचा खर्च विमा देतो, पण जाम झालेल्या इंजिनचा खर्च ‘आनुषंगिक नुकसान’ म्हणून नाकारतात, कारण ते आपटल्यामुळे नाही, तेल नसताना चालवल्यामुळे झालं. तेलाचा लाल दिवा लागला की त्या क्षणी इंजिन बंद करून टोइंग मागवा.

मेकॅनिककडून तीन गोष्टी घ्या. भागवार अंदाजपत्रक; एक ओळ, ‘वरील नुकसान बाहेरील जोरदार आघातामुळे झालेले दिसते’, सही-शिक्क्यासह; आणि दुरुस्तीनंतर जीएसटीचं बिल व पैसे भरल्याची पावती. कच्च्या चिठ्ठीवर दावा टिकत नाही. काढलेले जुने भाग परत मागून घरी ठेवा. गाडी जुनी असेल तर झिजलेला शॉक ॲब्सॉर्बर बदलण्याचा खर्च खड्ड्याच्या नावावर टाकू नका. एक फुगवलेली रक्कम सापडली की बाकी खऱ्या रकमांवरचाही विश्वास जातो.

विमा

तुमच्याकडे फक्त तृतीय पक्ष विमा असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानासाठी एक रुपयाही मिळत नाही. सर्वंकष पॉलिसी किंवा स्वतंत्र ओन डॅमेज पॉलिसी असेल तर मिळतो. शक्यतो त्याच दिवशी कंपनीला कळवा आणि सर्व्हेअरने बघण्याआधी गाडी उघडू देऊ नका.

नेहमीच्या पॉलिसीत घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याने कमी झालेली किंमत, कापतात. टायर, ट्यूब, रबर, प्लास्टिक आणि बॅटरीवर ५० टक्के. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: सहा महिन्यांपर्यंत काही नाही, एक वर्षापर्यंत ५, दोनपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. शिवाय सक्तीची वजावट: १५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये, त्यावर २,००० रुपये, दुचाकीला १०० रुपये. फक्त टायर फाटला आणि गाडीला दुसरं काहीच झालं नाही, तर साध्या पॉलिसीत टायरचे पैसे मिळत नाहीत. त्यासाठी टायरचं वेगळं जोडकलम घ्यावं लागतं.

आकड्यांत बघू. साडेतीन वर्षांची, १२०० सीसीची कार. टायर ६,०००, लोअर आर्म ४,०००, अलॉय रिम ८,०००. भागांचे एकूण १८,०००. टायरचे ३,०००, आर्मचे ३,००० आणि रिमचे ६,००० मान्य होतील, म्हणजे १२,०००. त्यातून वजावट जाऊन ११,००० हातात. ७,००० खिशातून. आता नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यातली सवलत. तो वर्षागणिक २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढतो आणि दावा केला की पुढच्या नूतनीकरणाला शून्य होतो. या गाडीला पुढच्या वर्षी ४५ टक्के सवलत मिळणार होती. ओन डॅमेजचा हप्ता ८,००० असेल तर ३,६०० रुपये गेले, आणि पुढची शिडीही पहिल्या पायरीपासून. म्हणून पाच-सहा हजारांच्या खालच्या दुरुस्तीसाठी विम्याचा दावा शक्यतो करू नये, असं आमचं मत आहे. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जोडकलम, असेल तर हिशेब बदलतो, पण बोनस तरीही जातोच.

एकाच नुकसानीचे पैसे विमा कंपनीकडून आणि महापालिकेकडून दोनदा घेता येत नाहीत. विम्याचे पैसे घेतलेत तर रस्त्याच्या मालकाकडे मागायचं ते उरलेलं: घसारा, वजावट, गेलेला बोनस, टोइंग, आणि गाडी बंद असताना झालेला प्रवासखर्च, पावत्यांसह.

विमा कंपनीने अन्याय्य नकार दिला तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, मात्र कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालयं आहेत.

नोटीस आणि सहा महिन्यांचं घड्याळ

रस्ते सुस्थितीत ठेवणं हे महापालिकेचं ऐच्छिक नव्हे, बंधनकारक काम आहे. मुंबईसाठी १८८८ च्या कायद्याचं कलम ६१, इतर महापालिकांसाठी १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ६३. दावा करण्याआधी मात्र एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो: मुंबईत कलम ५२७, इतर महापालिकांत कलम ४८७. रस्ता राज्य सरकारच्या विभागाचा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस.

‘आधी तक्रारीचं उत्तर येऊ दे, मग बघू’ म्हणणाऱ्यांचे दावे याच घड्याळाने मारले आहेत. घटनेनंतर महिन्याभरात नोटीस द्या, फार तर दोन महिन्यांत.

मसुदा साधा असावा:

‘प्रति, मा. आयुक्त, … महानगरपालिका.
विषय: कलम ४८७ अन्वये नोटीस (मुंबईसाठी कलम ५२७).
मी, …, राहणार … . दि. … रोजी … वाजता … रस्त्यावर, … समोर, … कडे जाणाऱ्या बाजूस असलेल्या अंदाजे … फूट लांब व … इंच खोल खड्ड्यात माझे वाहन क्र. … आपटले. खड्ड्याभोवती अडथळा, फलक किंवा दिवा नव्हता. या खड्ड्याबाबत तक्रार क्र. … दि. … रोजी आपल्याकडे नोंदवलेली आहे. रस्ता सुस्थितीत ठेवण्याच्या बंधनकारक कर्तव्यात कसूर झाल्याने माझे रु. … इतके नुकसान झाले. तपशील व बिलांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. ही रक्कम एक महिन्यात न मिळाल्यास दिवाणी दावा दाखल करण्यात येईल.
सोबत: फोटो, तक्रारीची नोंद, अंदाजपत्रक, बिल, वाहन नोंदणी प्रमाणपत्र, परवाना, विमा व पीयूसी.’

तुमचं नाव, पत्ता आणि दाव्याचं कारण या तिन्ही गोष्टी नोटिशीत असायलाच हव्यात. परवाना किंवा पीयूसी संपलेली असेल तर पालिका आधी त्यावर बोट ठेवेल, हे धरून चाला. नोटीस हाताने देऊन पोच घ्या आणि शिवाय स्पीड पोस्टाने पाठवा. नोंदणी टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, त्यामुळे पोचवल्याचा पुरावा देणारी सेवा वेगळी मागून घ्या.

नोटिशीनंतर चेक येईल अशी अपेक्षा ठेवू नका. दहा-पंधरा हजारांसाठी दिवाणी दावा वेळेच्या आणि वकिलाच्या फीच्या मानाने परवडत नाही. मधली एक वाट आहे: जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज देऊन प्रकरण लोकअदालतीत ठेवण्याची विनंती करा. शुल्क लागत नाही, आणि तडजोड झाली तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं. समोरचा तयार झाला नाही तर तडजोड होत नाही, ही तिची मर्यादा. विधी सेवेचा १५१०० हा क्रमांक देशभर चालतो. रक्कम मोठी असेल, म्हणजे टॅक्सी-टेम्पोचं इंजिन गेलं, रोजगार बुडाला, तर नोटिशीच्या आधीच वकिलाला भेटा.

माहिती अधिकाराचा अर्ज नोटिशीबरोबरच

घटनेनंतर आठवड्याभरात हा अर्ज टाका, म्हणजे नोटिशीची मुदत चालू असतानाच कागद हाती येतात. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये, मजकूर १५० शब्दांत आणि एकच विषय. उत्तराची मुदत ३० दिवस, पहिल्या अपिलाला २० रुपये. ‘का’ विचारू नका, कागद मागा:

या रस्त्याच्या शेवटच्या डांबरीकरणाचा किंवा काँक्रिटीकरणाचा कार्यादेश. ठेकेदाराचं नाव आणि दोषदायित्व कालावधी (ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) कधी संपतो. घटनेआधीच्या सहा महिन्यांतल्या त्या रस्त्यावरील खड्ड्यांच्या तक्रारींची यादी, तारीख आणि निकाली काढल्याच्या तारखेसह. त्याच काळातल्या खड्डे दुरुस्तीच्या मोजमाप पुस्तिकेतल्या (झालेल्या कामाची मापं लिहितात त्या वहीतल्या) नोंदींच्या प्रती.

शेवटचे दोन कागद शेजारी ठेवले की बरंच उलगडतं. तक्रार आधीची असेल तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हा बचाव संपतो. मोजमाप पुस्तिकेत खड्डा भरल्याची नोंद असेल आणि तुमच्या फोटोत तो उघडा असेल तर मुद्दा आणखी गंभीर होतो. दोषदायित्व कालावधी चालू असेल तर नोटीस ठेकेदारालाही द्या.

टोलचा रस्ता

महापालिकेचा कर भरल्याने माणूस रस्त्याच्या बाबतीत ‘ग्राहक’ होत नाही, कारण कर हा सेवेचा मोबदला मानला जात नाही. टोल मात्र त्या रस्त्याच्या वापराचेच पैसे असतात, त्यामुळे तिथे ग्राहक आयोगाची वाट जास्त भक्कम. केरळमधल्या पलियेक्करा टोलची वसुली रस्त्याच्या दुरवस्थेमुळे तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये थांबवली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. त्या प्रकरणाचा हवाला तक्रारीत द्या.

फास्टॅगचं विवरणपत्र डाउनलोड करून जोडा. टोलनाक्याचं नाव आणि वेळ त्यात असते. तक्रार प्राधिकरण आणि टोल वसूल करणारी कंपनी या दोघांविरुद्ध करा. ती तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, मुदत दोन वर्षं, ई-जागृती संकेतस्थळावरून दाखल होते, आणि मोबदला, म्हणजे भरलेला टोल, पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही.

माणसाला लागलं असेल तर

उपचार आधी. मोटार वाहन अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची विनारोकड उपचार योजना मे २०२५ पासून आहे: अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत. रुग्णालयात केस पेपरवर ‘दुचाकीवरून पडून’ एवढंच लिहू देऊ नका. ‘रस्त्यावरील खड्ड्यात दुचाकी जाऊन पडल्याने’ असं लिहायला सांगा. पोलिसांच्या जबाबातही खड्ड्याचं ठिकाण आणि माप यायला हवं. नाहीतर ‘चालकाचा ताबा सुटला’ असं लिहिलं जातं, आणि पडलेल्या माणसावरच निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदला जाऊ शकतो. जबाब वाचल्याशिवाय सही करू नका, पंचनाम्यात खड्ड्याचा उल्लेख आहे का ते बघा.

ओन डॅमेज विमा नसला तरी मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे का ते तपासा. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास तो वेगळा मिळतो, आणि बऱ्याच कुटुंबांना तो आपल्याकडे आहे हेच ठाऊक नसतं.

आता २०२५ च्या निकालातली भरपाई. महापालिका क्षेत्रात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, नगरपरिषदेत मुख्याधिकारी आणि सचिव, इतर प्राधिकरणांत त्यांचे प्रमुख आणि सचिव अशी समिती आहे. पोलीस ठाण्याने घटनेची माहिती ४८ तासांत समितीला द्यायची आहे, समितीने कळल्यापासून सात दिवसांत बैठक घ्यायची आहे. बातमीवरून समिती स्वतःहूनही दखल घेऊ शकते, पण त्यावर विसंबू नका. अर्ज आयुक्तांकडे आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे, दोन्हीकडे द्या. सोबत केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, जबाब व पंचनाम्याची प्रत, खड्ड्याचे फोटो, तक्रार क्रमांक. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन अहवाल आणि वारसांची ओळखपत्रं. ही भरपाई इतर कायदेशीर हक्कांव्यतिरिक्त आहे, म्हणून ती घेतल्याने विम्याचा किंवा दिवाणी दाव्याचा मार्ग बंद होत नाही. ‘यापुढे कोणताही दावा करणार नाही’ असं हमीपत्र समोर ठेवलं तर सहीआधी विधी सेवा प्राधिकरणात विचारा.

रक्कम अर्जापासून सहा ते आठ आठवड्यांत द्यायची आहे. उशीर झाला तर संबंधित अधिकारी व्यक्तिशः जबाबदार, आणि अर्जाच्या तारखेपासून वर्षाला ९ टक्के व्याज. ते व्याज मोजलं जाईल तुमच्या प्रतीवरच्या आवक शिक्क्याच्या तारखेपासून, तेव्हा ती तारीख वाचता येण्याजोगी उमटली आहे का, हे खिडकीसमोरच बघा.